खाऱ्या पाण्याला वाट

मशीन विकत घेताना खलफानला एक प्रश्न कुणीच विचारला नाही: उरलेलं पाणी जाणार कुठे? नवलच म्हणायचं, कारण बाकीचे सगळे प्रश्न गावाने विचारून घेतले होते. मशीन नवं की जुनं, वीज किती खातं, बायकोला सांगितलंय का, आणि जन्मभर पोस्टात शिक्के मारलेल्या माणसाने निवृत्तीनंतर पंपाला हात लावावा का. मशिदीच्या पायरीवर चपला शोधता शोधतासुद्धा लोक सल्ले देत होते. सल्ला द्यायला आमच्या गावात वेळ-काळ लागत नाही.

मशीन होतं बंद पडलेल्या एका मासळीच्या कारखान्यातलं. घरात ओट्याखाली आरओ असतो ना, तोच, फक्त उंटाएवढा. खारं पाणी एका बाजूने रेटायचं, दुसऱ्या बाजूने गोडं काढायचं. बसवायला शम्बे आला. शम्बे म्हणजे गावचा बलुची मेकॅनिक. त्याने मशीनभोवती एक फेरी मारली आणि छातीवर हात ठेवून खलफानला म्हणाला, "अबू अझ्झान, तुम्ही फक्त डोळे मिटा. मी आहे ना!" शम्बे 'मी आहे ना' म्हणाला की जाणती माणसं चार पावलं मागे सरकतात.

खलफानला काही हौस आली नव्हती. वाडीतली विहीर खारट होत चालली होती. बातिनाच्या, म्हणजे आमच्या, किनाऱ्यावर सगळीकडे तेच. सगळ्यांनी पंप लावले, गोडं पाणी उपसलं आणि रिकाम्या झालेल्या जागेत खालून समुद्र शिरला. सरकार समुद्राचं पाणी गोडं करून घरोघरी नळाने देतं, पण ते माणसांसाठी. खजुराला कोण नळ देतंय? आधी लिंबं वाळली, मग आंबा. आता वडिलांनी लावलेली नघालची रांग शेंड्यांना करपायला लागली होती. नघाल म्हणजे साऱ्या किनाऱ्यावर पहिला पिकणारा खजूर.

त्यात मुलगा. अझ्झान, ज्याच्यावरून खलफान अबू अझ्झान, म्हणजे अझ्झानचा बाप, तो मस्कतला बँकेत. फोनवर त्याने सरळ सांगितलं, "बाबा, यंदा झाडांवर खजूर पिकला तर मी तोंड उघडणार नाही. नाही पिकला, तर माझ्या ओळखीचा एक बिल्डर आहे, त्याला जागा दाखवायची. शब्द द्या." खलफानने तिरीमिरीत शब्द दिला. मशीन आलं ते यामुळे.

मशीन सुरू झालं तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. आधी ते खोकलं, मग थरथरलं, मग शम्बेने त्याला काहीतरी बलुचीत सांगितलं आणि नळीतून पाणी आलं. खलफानने ओंजळ भरली. गोड! त्याने बायकोला हाक मारली, "झुवैना, अगं ये, चव बघ!" झुवैनाने चव घेतली, "बरंय," म्हणाली आणि दुसऱ्या नळीकडे बोट केलं. "आणि हे काय गळतंय?"

हे म्हणजे उरलेलं पाणी. विहिरीतलं सगळं मीठ त्या पाण्यात गोळा होऊन बाहेर पडत होतं. जिभेला लागलं तर जीभ आखडावी असं कडवट खारं. समुद्रात सोडायचं म्हटलं तर मधे शेजारच्या हुमैदची वाडी आडवी. खलफानने शम्बेकडे बघितलं. शम्बे म्हणाला, "ती जुनी आटलेली विहीर आहे ना मागे? सोडा तिच्यात. आपली विहीर, आपलं मीठ. कोण विचारतंय?"

महिनाभरात विचारणारा आला. हुमैदच्या शेळ्यांनी त्यांच्याच विहिरीचं पाणी हुंगून तोंड फिरवलं. मग त्याचं हिरवं गवत कडेकडेने पिवळं पडलं. खलफानचं मीठ जमिनीखालून मुकाट्याने हुमैदकडे गेलं होतं. एका सकाळी हुमैद भिंतीपलीकडे उभा राहिला. दांडगा माणूस, नावाडी, आवाज असा की समुद्रावरच्या माणसालाही ऐकू जावा.

"खलफान! तुझी झाडं जगावीत म्हणून माझ्या शेळ्यांनी मरायचं?"

"मी काय मुद्दाम केलंय?"

"मुद्दाम केलं असतंस तर कमी राग आला असता!"

खलफान पोस्टातला माणूस, लेखी तक्रारींची सवय असलेला. तो आत गेला आणि उत्तर त्याला दुपारी जेवताना सुचलं, जे काहीच कामाचं नव्हतं.

मग त्याने रीतसर परवाना काढायचं ठरवलं. आता बघा, मशीन पाणी तयार करतं म्हणून एक खातं. पाणी विहिरीतलं म्हणून दुसरं. मीठ बाहेर टाकतं म्हणून तिसरं. आणि ते समुद्रात सोडणार म्हणून मासळीवालं चौथं. प्रत्येक खिडकीतला माणूस अतिशय आदराने उठून उभा राहायचा, खुशाली विचारायचा, घरच्यांची, शेताची, पुन्हा घरच्यांची, आणि पुढच्या खिडकीकडे बोट करायचा. अपमान झाला म्हणावं तर कुणी वाईट बोललेलं नसायचं. शेवटी त्यातल्याच एका खिडकीने जागं होऊन नोटीस धाडली: खारं पाणी जमिनीत सोडणं ताबडतोब थांबवा. गुरुवारपर्यंत समुद्राकडे नळ टाकलेला दिसला नाही, तर वीज तोडण्यात येईल.

म्हणजे आता एकच वाट होती, आणि ती हुमैदच्या वाडीतून जात होती.

इथे आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. पाहुणा आला की काहवा, म्हणजे आमची बिनदुधाची कॉफी, ओतायचा, हे तर आहेच. पण पाहुण्याने कप हातात घेतला आणि न पिता समोर खाली ठेवला, तर त्याचं काहीतरी मागणं आहे. मग यजमानाने म्हणायचं, "पी, दिलं." काय मागणार ते न विचारता. मुली अशाच मागितल्या जातात, खूनसुद्धा असेच माफ झालेत. कप खाली असताना यजमान गप्प राहिला, तर त्याच्या घराचं नाव गेलं. सात पिढ्या लोक बोटं दाखवतील.

खलफानने ठरवलं, हुमैदच्या घरी जायचं, कप ठेवायचा, नळाला वाट मागायची. हुमैद कितीही चिडलेला असो, नाही म्हणू शकणार नाही. योजना उत्तम होती. तिच्यात एवढंच न्यून होतं की हुमैदनेही तीच केली होती. खलफानच्या घरी जायचं, कप ठेवायचा, मशीन बंद कर म्हणायचं.

सोमवारी खलफान स्वच्छ झगा घालून निघाला. हुमैदने त्याला खिडकीतून बघितलं आणि धावत येऊन फाटकातच गाठलं.

"ये ये, खलफान! पण आत नको हं, रंगकाम चाललंय."

"रंग? कसला? वास तर येत नाहीये."

"बिनवासाचा आहे. नवीन आलाय."

दोघे उन्हात उभे राहिले. खुशाली विचारून झाली, शेळ्यांची राहिली. ती विचारायची खलफानची हिंमत झाली नाही. तो परत फिरला. फाटकात पाहुण्याला उभं करून परत पाठवणारा हुमैद! खलफान मनातल्या मनात इतका खवळला की आपणही उद्या हेच करणार आहोत, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर हुमैद आला. खलफान गच्चीवर होता. त्याने खाली डोकावून बघितलं आणि निवृत्त पोस्टमास्तर, वय झालेला, नातवंडांचा आजोबा, तो पाण्याच्या टाकीमागे पालथा पडला.

"अबू अझ्झान आहेत का?" खालून हुमैदचा आवाज.

"बाहेर गेलेत," झुवैना म्हणाली. खोटं बोलायची सवय नसल्याने ती फार मोठ्याने म्हणाली.

"बरं. बसतो इथे बाकावर. चपला तर दारातच आहेत. अनवाणी गेलेत म्हणजे लांब नसतील."

हुमैद बसला. गच्चीची फरशी तव्यासारखी तापलेली. खलफान कधी पोटावर, कधी कुशीवर होत होता, आणि खाली हुमैद आपल्या घरासारखा पाय पसरून बसला होता. 'हा माझा शेजारी,' खलफानला वाटलं, 'आणि हे माझं घर, आणि मी लपलोय.' त्याला स्वतःचीच शिसारी आली. तरी तो उठला नाही. उठला असता तर नघालची रांग गेली असती. संध्याकाळची बांग झाली, हुमैद मशिदीकडे निघाला, तेव्हा खलफान जिना उतरला. छातीवर फरशीचे चौकोन उठले होते. झुवैनाने ते बघितले आणि तेलाची बाटली त्याच्यापुढे ठेवली.

गावाला सुगावा लागायला वेळ लागला नाही. आमच्याकडे लोक एकमेकांना घरी ओढून नेण्यासाठी भांडतात, शपथा घालतात, बाह्या धरतात. इथे मशिदीबाहेर दोन म्हातारे भलतंच भांडत होते.

"मी येतो तुझ्याकडे!"

"छे, छे! मीच येतो! देवाशपथ मी येतो!"

"तुला त्रास कशाला? मी आलोच बघ!"

इमामांचे डोळे विस्फारले. किराणा दुकानापुढे मग पंचायतच बसली. चहा दिला तर? चहाला ही पद्धत लागू नाही, असं एकाचं मत. दुसऱ्याचं मत, खाली ठेवलं ते ठेवलं, आत चहा असो की ताक. पुडीतल्या झटपट कॉफीवर दोन तट पडले. शम्बेने उपाय सुचवला, "कप त्याच्या हातात देऊच नका. तुम्हीच पाजा, तोंडाला लावून. मी आहे ना, धरतो त्याला!" खलफानने हात जोडले आणि घरी आला. वाडीत जाऊन बघितलं. नघालच्या घोसांवर खजूर धरला होता, हिरवा, बोराएवढा. आणखी थोडे दिवस गोडं पाणी मिळालं तर पिकणार होता. नाही मिळालं तर तसाच सुकून गळणार होता. त्याने एका खोडाला हात लावला आणि त्याला रडू फुटलं. कुणी बघितलं नाही, तेवढं बरं.

गुरुवारी सकाळीच वीज तोडणारे आले. एक तरुण साहेब, हातात फाईल, आणि शिडीवाला माणूस. शिडी खांबाला लागली. भिंतीवर गाव गोळा झालं. खलफान पुढे झाला, "साहेब, दोन दिवस..." आणि तेवढ्यात फाटकातून हुमैद आत आला. या वेळी टाकीमागे जायला सवड नव्हती.

"बसा," खलफान म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

झुवैनाने काहव्याची सुरई बाहेर पाठवली नाही. ती स्वतः घेऊन आली. नवऱ्याच्या हातात देताना हळूच म्हणाली, "आता पुरे झालं, अबू अझ्झान. शेजारी दारात आलाय. माणसासारखं वागा."

खलफानने ओतला. साहेबांनी तीन कप घेतले, कप हलवून पुरे सांगितलं, खजूर खाल्ला. हुमैदने कप घेतला. गुडघ्यावर धरला. मग सावकाश, सगळ्यांना दिसेल असा, समोर चटईवर ठेवला.

शिडीवरचा माणूससुद्धा काम थांबवून बघायला लागला.

खलफान त्या कपाकडे बघत होता. वाफ निघत होती, मग थोडी कमी झाली. 'दिसलाच नाही असं करावं. साहेबांशी बोलावं. पाऊसपाण्याचं विचारावं.' अझ्झानचा चेहरा डोळ्यांपुढे आला, त्याच्या मागे बिल्डरचा, ज्याला खलफानने कधी पाहिलंही नव्हतं. पलीकडे मशीन घरघरत होतं. वाफ जवळजवळ संपली.

"पी, हुमैद," खलफान म्हणाला. "दिलं."

हुमैदने कप उचलला, एका घोटात रिकामा केला आणि खाली बघत म्हणाला, "बंद कर ते."

खलफान उठला. वाडीत गेला. स्वतःच्या हाताने खटका ओढला. मशीन खोकलं आणि गप्प झालं. भिंतीवरच्या लोकांनी माना खाली घातल्या. साहेब मात्र खूश. "वा! मशीन बंद म्हणजे तक्रार बंद. वीज तोडायची गरजच नाही!" त्यांनी फाईल मिटली, शिडी खाली आली, आणि सरकार निघून गेलं.

गावही पांगलं. हुमैद गेला नाही. फाटकापाशी जाई, परत येई. दोनदा खाकरला. शेवटी ओरडलाच, "चल माझ्याकडे!"

"कशाला?"

"काहवा प्यायला! आणखी कशाला?"

"मला नको."

"चल म्हणतो ना!"

हुमैदच्या बैठकीला रंग नव्हता, बिनवासाचाही नव्हता. खलफान बसला. हुमैदने ओतला. खलफानने ठरवलं होतं, आता काही मागायचं नाही. ज्याने आपल्या तोंडचं काढून घेतलं त्याच्यापुढे हात पसरायचा? त्याने कप ओठांकडे नेला.

"खाली ठेव," हुमैद म्हणाला.

"मी पिणार आहे."

"खाली ठेव रे!"

"मला काही मागायचं नाही!"

"मागायचं नाही कसं? सोमवारी माझ्या फाटकात आला होतास ते काय रंग बघायला? ठेव!"

हुमैदने कप धरला, खलफानने सोडला नाही. दोन पोक्त माणसं एका चिमुकल्या कपासाठी झोंबत होती. काहवा दोघांच्या झग्यांवर सांडला. खलफानला भाजलं, तो ओरडला आणि कप सुटून चटईवर आला. उभाच राहिला. तळाशी घोटभर उरला होता.

दोघे धापा टाकत त्या कपाकडे बघत होते.

"ठेवलास," हुमैद म्हणाला. "पी. दिलं."

खलफानने भाजलेला हात झग्याला पुसला. "पंप तुझ्या बापानेही लावला होता आणि माझ्याही," तो म्हणाला. "चुरस लागली होती त्यांची. समुद्र आपण दोघांनी मिळून आत ओढलाय, हुमैद. मला फक्त खाऱ्या पाण्याला वाट हवी होती. तुझ्या वाडीतून, समुद्रापर्यंत."

"दिली म्हटलं ना. टाक नळ."

खलफानने उरलेला घोट घेतला. मग दोघांनाही एकदमच उमगलं. नळ टाकायला वाट मिळाली होती, आणि नळात सोडायला काही उरलं नव्हतं. मशीन बंद करायचा शब्द दिलेला. भर गावात दिलेला. तो कुणाला मागे घेता येणार? हुमैदलाही नाही.

हुमैदने दाढी खाजवली. "मी काय म्हणालो होतो? 'बंद कर ते.' केलंस तू. तुझ्या अंगणातलं बंद झालं." त्याने खिडकीतून समुद्राकडे बोट केलं. "माझ्या अंगणात चालवू नकोस असं मी म्हटलेलं आठवत नाही."

ही पळवाट होती का? होती. इमामांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, शब्द मोडलेला नाही, थोडा सरकलाय. मशीन फाटकातून निघेना, तेव्हा शम्बेने 'मी आहे ना' म्हणत मधली भिंत पाडली. पाडायची होती तेवढीच पाडली असती तर बरं झालं असतं. मशीन हुमैदच्या शेळ्यांच्या गोठ्याशेजारी बसलं, खाऱ्या पाण्याचा नळ सरळ समुद्रात गेला, आणि गोड्या पाण्याचा पाट फुटक्या भिंतीतून दोन्ही वाड्यांत आला. तरुण साहेब पुन्हा आले. मशीनची जागा बदलली म्हणून नवीन अर्ज लागेल म्हणाले, पण नळ समुद्राकडे दिसला तशी तात्पुरती परवानगी तिथेच लिहून दिली.

सगळं झालं, पण खलफानची झोप गेली. मशीन त्याचं, आणि खटका हुमैदच्या हातात. सकाळी डोळा उघडला की आधी कान द्यायचा: घरघर येतेय का? येत असली की तो नमाजाला उठायचा. 'उद्या याचं डोकं फिरलं तर?' झुवैना म्हणायची, "झोपा हो जरा." तो झोपत नसे.

आणि एका पहाटे घरघर आली नाही.

खलफान उठला तो अनवाणीच. टोपीही नाही. मनात सगळी भाषणं तयार होती: विश्वासघात, शेजारधर्म, अख्खी दुपार तापल्या गच्चीवर लपायची पाळी आणणारा माणूस, सगळं. भिंतीच्या भगदाडातून तो धावत पलीकडे निघाला आणि पचकन चिखलात पाय गेला. त्याच्याच वाडीत, भगदाडाच्या अलीकडे. त्याने खाली बघितलं. नघालच्या रांगेत प्रत्येक बुंध्याभोवती पाणी साचलेलं होतं, अळी काठोकाठ भरलेली. हुमैदच्या गवताचा पाट मातीने बंद केलेला, कोरडा ठक्क.

हुमैद गोठ्याशी बसून फडक्याने पंपाचं तोंड पुसत होता. रात्रभर जागल्याने डोळे लाल.

"तापला होता म्हणून बंद केला. तासाभराने लावतो," तो म्हणाला. "असा काय भुतासारखा आलास?"

"पाट माझ्याकडे कुणी वळवला?"

"भुताने." हुमैद चिडून म्हणाला. "वर बघ की. तुझा खजूर रंग धरायला लागलाय. या आठवड्यात पाणी तुटलं तर सुरकुतेल. माझ्या गवताला काय घाई आहे? कापलं की पुन्हा येतं."

खलफानने वर बघितलं. घोसांवर हिरव्यातून पिवळं फुटलं होतं. आभार मानावेत असं त्याला वाटलं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "झोप जा आता! डोळे बघ आपले! म्हातारपणी ही थेरं कशाला करतोस?"

"माझ्या वाडीत उभं राहून मलाच बोलतोयस?" म्हणत हुमैद उठला आणि खरंच झोपायला गेला.

खलफानने कुदळ घेतली. हुमैदच्या पाटाच्या तोंडावरची माती ओढून काढली, पाटात राहिलेलं गोडं पाणी गवताकडे वळवलं आणि ते टोकापर्यंत पोचेतो तिथेच उभा राहिला. मग चिखलाच्या हातांनीच खिशातून फोन काढून त्याने मस्कतला लावला.

"बाबा? इतक्या पहाटे? काय झालं?"

"पुढच्या शुक्रवारी ये," खलफान म्हणाला. "खजूर उतरवायचाय. आधी हुमैदकाकाची टोपली भरायची, मग आपली. आणि हे बघ, अझ्झान, बिल्डर नको, एकटा ये."